टेंभुर्णे मॅडमचा अकरावा प्रयोग

मंगळवार, १६ जानेवारी २००७. पहाटे पाच.

हजर: टेंभुर्णे मॅडम. एमएस्सी बायोकेमिस्ट्री, दुसरं वर्ष, नऊ विद्यार्थी (सात मुली, दोन मुलं). शिपाई दसाराम. प्रयोगशाळा सहायक बिसेनबाई, म्हणजे मी.
सात वाजता येणार: विद्यापीठाच्या तपासणी समितीचे तीन सदस्य, सोबत प्राचार्य.
वीज: आठपर्यंत. पुढे दोनपर्यंत लोडशेडिंग.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीतली. मी प्रत्येक कामाची यादी करते. घरचे हसतात, हसोत. यादीत लिहिलेलं काम निदान राहून गेलं हे तरी कळतं.

पहाटे पाचला प्रयोग कशाला, असं कोणी विचारेल. प्रथिनं नाजूक असतात. त्यांचं काम थंडीत करावं लागतं. मोठ्या संस्थांत त्यासाठी शीतखोली असते. आमच्या गोंदियाच्या कॉलेजात उत्तरेकडचा व्हरांडा होता आणि जानेवारी होता. टेंभुर्णे मॅडमनी २००२ साली आल्या आल्या पहिल्याच हिवाळ्यात तिथे थर्मामीटर टांगला, आठवडाभर पहाटेचे आकडे लिहिले आणि मला म्हणाल्या, "ताई, ही बघा आपली शीतखोली. नागपूरवाल्याइले मशीन लागते, आपल्याले फक्त लवकर उठा लागते."

मॅडम मूळच्या केशोरीच्या. वडील धानाची शेती करायचे. मॅडम घराण्यातल्या पहिल्या एमएस्सी. गोंदियाजवळ मुर्रीला एका खोलीत भाड्यानं राहत आणि सायकलीनं येत. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये नवी मुलाखत, दर एप्रिलमध्ये सुट्टी. अंगात एकावर एक दोन स्वेटर, गळ्यात वडिलांचा तपकिरी मफलर. काचेची भांडी स्वतः धुवायच्या. दसारामनं हात पुढे केला तर म्हणायच्या, "तुम्ही चांगलेच धुता जी, पण बिघडलं तर मले स्वतःवर चिडता आलं पाहिजे ना!"

मुलांच्या जर्नलमध्ये खोडरबर आणि पांढरी शाई यांना बंदी होती. चूक झाली तर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. एका मुलानं पान फाडलं तेव्हा त्याला कचऱ्याच्या टोपलीतून ते काढायला लावलं, सरळ करायला लावलं आणि परत चिकटवायला लावलं. "तुही चूक हाय ना? मग दुसरा कोण सांभाळून ठेवीन?"

स्टाफरूममध्ये एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं: "आपल्याकडे हे नाही होत." मॅडम पेपर तपासता तपासता मान वर न करता विचारायच्या, "नाही होत, का केलं नाही?" या प्रश्नामुळे त्यांच्या टेबलाशेजारची खुर्ची बहुतेक रिकामी असायची.

आता अकराव्या प्रयोगाबद्दल सांगते, कारण सगळं त्यावरून झालं.

अभ्यासक्रमात अकराव्या क्रमांकावर एक प्रयोग होता. ॲगरोजचे, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीचे, बारीक दाणे घ्यायचे. त्या दाण्यांत डीएनए बसवलेला असतो. याला रेझिन म्हणतात. हे दाणे एका नळीत भरायचे आणि वरून प्रथिनांचा मिश्र अर्क सोडायचा. ज्या प्रथिनांना डीएनए धरता येतो ती अडकतात, बाकीची वाहून जातात. मग मिठाचं पाणी सोडलं की अडकलेली सुटतात आणि वेगळी मिळतात.

मॅडम वर्गात हे असं सांगायच्या: "गोंदिया स्टेशनवर गाडी थांबली. उतरणारे भराभरा निघून गेले. पण ज्याच्या ओळखीचं माणूस फलाटावर भेटलं, तो थांबला, गप्पा मारत राहिला. आपल्याले थांबणाराच पाहिजे. मग त्याले सोडवाचं कसं? शिटी वाजवाची. मीठ म्हणजे शिटी. हळू शिटीनं वरवरच्या ओळखीवाले सुटते, जोराच्या शिटीनं जिवाभावाचे."

हे रेझिन कंपनीकडून मागवायचं तर एका छोट्या बाटलीच्या किमतीत आमच्या विभागाचं वर्षाचं सगळं सामान आलं असतं. एकदा नमुना म्हणून एक बाटली आली. ऐन मे महिन्यात. खोक्यातल्या बर्फाचं कोमट पाणी झालं होतं. बहुतेक कॉलेजांनी मार्ग काढला होता: भिंतीवर तक्ता लावायचा, त्यावरचे आकडे मुलांनी जर्नलमध्ये उतरवायचे. विद्यापीठाचं परिपत्रकही तसं होतं. सोय नसेल तिथे तक्ता चालेल. कुठे सोय आहे आणि कुठे नाही, हे समितीनं ठरवायचं होतं. आमची मुलं हा प्रयोग हातानं करणार की तक्त्यावरून उतरवणार, एवढाच प्रश्न होता. मॅडमना तो एवढासा वाटत नव्हता.

"ताई, आपली पोरं नागपूर-पुण्याले मुलाखतीले जाते. तिथं पहिला सवाल, हातानं काय काय केलं? तेव्हा ही काय सांगन, तक्ता पाह्यला?"

म्हणून मॅडमनी रेझिन घरी बनवायचं ठरवलं. परदेशात यासाठी सामन माशाचा डीएनए वापरतात. आमच्याकडे रोहू. आषाढात नर रोहूच्या पोटात दुधाळ पिशव्या भरतात, त्यात डीएनए ठासून असतो. गणपतभाऊ ढिवर तलावावरून पहाटे मासे आणून द्यायचे. पहिल्या वर्षी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, मॅडमले मासोळी नाही पाहिजे, निसतं पोटातलं पाहिजे. तब्येत तर ठीक हाय ना?"

दुसऱ्या वर्षी वास व्यवस्थापनापर्यंत पोचला. फलकावर सूचना लागली: महाविद्यालयाच्या आवारात मांसाहारी पदार्थ आणू नयेत. स्टाफरूममध्ये हशा. गणिताचे एक सर म्हणाले, "काय मॅडम, आज लॅबमध्ये भात-मासोळी होती म्हणे?"

"भात तुम्ही आणा सर. मासोळी माझी."

मॅडमनी सूचनेला लेखी उत्तर दिलं: "पदार्थ नाही, कच्चा माल आहे." त्याचं उत्तर आलं नाही, तशी बंदीही उठली नाही. मग त्या मुलांना घेऊन फाटकाबाहेर गेल्या आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बाकडं मागितलं. टपरीवाला हात जोडू लागला, "मॅडमजी, मेरे गिराहक भाग जाएंगे!"

"भागेंगे नहीं भैया, देखने आएंगे. दूध ज्यादा मंगाके रखो."

गिऱ्हाईक खरंच वाढलं. राइस मिलचे हमाल, रिक्षावाले, शाळेला निघालेली पोरं गोळा झाली. मुलींनी मासे चिरले, पिशव्या बर्फात टाकल्या, मिठाच्या पाण्यात घोटल्या, साबण घातला. मग मॅडमनी काचेच्या नळीत वरून गार अल्कोहोल सोडलं आणि काचेची कांडी फिरवू लागल्या. पांढरे धागे कांडीला गुंडाळत वर आले. एक हमाल म्हणाला, "हे काय होय बाई?" मॅडम म्हणाल्या, "हे रोहूचं रोहूपण होय. हे हाय म्हणून तो कतला मासा झाला नाही." हमालानं बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "आन् आमचंबी असंच दिसते का?" "अगदी असंच. तुमचं, माझं, कॉलेजच्या अध्यक्षांचं. रंगात फरक नाही."

हे वाक्य अध्यक्षांच्या कानावर गेलं असणार. पण माल तयार झाला. डीएनए उकळून त्याचे पदर सुटे केले, वितळलेल्या ॲगरोजमध्ये मिसळले, थंड करून वडी पाडली. ती वडी माझ्या पुरणयंत्रातून काढली, मग मैद्याच्या चाळणीतून. ते पुरणयंत्र परत घरी नेलं नाही. दाणे मिठाच्या पाण्यात, फ्रिजच्या खालच्या खणात. चार वर्षं प्रयोग झाला. काही वर्षी छान, काही वर्षी जेमतेम. जेमतेम आला तर जर्नलमध्ये जेमतेमच लिहिलं गेलं.

आता १६ जानेवारी.

नळी म्हणजे वीस मिलीची सिरिंज, बुडाला काचेचा कापूस. पावणेसहाला त्यात रेझिन भरलं. अर्क राइस मिलमधल्या ताज्या कोंड्याचा, तो बर्फात वाट पाहत होता. आधी नुसत्या द्रावणानं नळी धुवायची, खाली येणारं पाणी दर वेळी यंत्रात तपासायचं; पाण्यात प्रथिन किंवा डीएनए असेल तर यंत्र आकडा दाखवतं. आकडा उतरत उतरत शून्याला टेकला की नळी तयार.

आकडा उतरेना. थेंबही मंद पडले.

ज्योती नावाची मुलगी यंत्रावर होती. तिसऱ्या वेळी तीच म्हणाली, "मॅडम, आपण अर्क तर अजून टाकलाच नाही. मग हे काय येऊन राहिलं?"

मॅडमनी मफलर सोडून परत बांधला. हे त्या आनंदात करायच्या किंवा धक्का बसल्यावर. "सवाल बरोबर हाय. उत्तर शोधा."

सात वाजता समिती आली. तिचे अध्यक्ष नागपूरचे, शांत गृहस्थ. प्राचार्यांनी परिस्थिती पाहिली आणि मॅडमजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, पिछले साल की रीडिंग है ना? फळ्यावर वही लिख दो. थोडं ॲडजस्ट करा."

मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सर, मागच्या वर्षीचे आकडे मागच्या वर्षीच्या रेझिनचे आहेत. आज हे आहे." आणि फळ्यावर त्या दिवसाचे आकडे लिहिले, जसे आले तसे.

ज्योतीनं त्या धुतलेल्या पाण्यात मीठ आणि गार अल्कोहोल घातलं. परीक्षानळीत दुधाळ ढग जमला. डीएनए. दाण्यांतून निसटत होता. दुसऱ्या मुलीनं चिमूटभर दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि ओरडली, "फुटले आहेत! काचेसारखे!"

मॅडमनी पाहिलं. "हे गोठलं होतं. ॲगरोज गोठलं की फुटते. लिहा."

मी फ्रिजपाशी उभी होते. आदल्या संध्याकाळी लोडशेडिंग सुरू व्हायच्या आधी ती बाटली मी वरच्या बर्फाच्या खणात ठेवली होती. त्या काळात गोंदियात सगळेच असं करायचे. लाइट जायच्या आधी दूध, दही, औषधं सगळं वर. प्रयोगशाळेतली विकरं, म्हणजे एन्झाइमं, तीही वरच जायची. तशी यादीच मी करून फ्रिजवर चिकटवली होती. घाईत ही बाटलीही गेली आणि पहाटे चारला, सगळ्यांच्या आधी येऊन, मीच ती खाली काढून वितळू दिली. अधिक थंड म्हणजे अधिक सुरक्षित, असं मला वाटलं होतं.

प्राचार्यांनी विचारलं, "वरती कोणी ठेवलं?"

माझं तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "रेझिन माझं आहे. जबाबदारी माझी. पुढं?"

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमची धडपड दिसते आहे. पण प्रयोगाचा निकाल आलेला नाही. आम्ही काय लिहावं?"

"निकाल आला ना सर. काय बिघडलं, कशानं बिघडलं, हे या मुलींनी तासाभरात शोधलं. तुमच्यासमोर. तक्त्यावर दाणे फुटत नाहीत, म्हणून तक्ता पाहून कोणी काही शिकत नाही. हेच लिहा."

आठला वीज गेली. समिती चहाला गेली. अहवालात दोन ओळी आल्या: घरगुती रेझिन विश्वासार्ह नाही. कंपनीचं रेझिन आणि शीतखोली उपलब्ध होईपर्यंत हा प्रयोग तक्त्यावरून दाखवावा.

अहवाल मान्य आहे, असा कागद प्राचार्यांनी मॅडमपुढे सहीला ठेवला. त्यावर मॅडमनी लिहिलं, "मला मान्य नाही. जानेवारी संपायला पंधरा दिवस आहेत." खाली सही, तारीख.

त्या पंधरा दिवसांची यादी माझ्या वहीत दोन पानं आहे. उरलेला डीएनए काढला. ॲगरोज जेमतेम होतं, ते एका मुलीचा भाऊ रायपूरहून घेऊन आला. पुरणयंत्र, चाळणी. रोज पहाटे पाच. मुली घरून शाली पांघरून यायच्या, मॅडम सगळ्यांना हातमोज्यांवरून चिडवायच्या, "मोजे काढा वो, ह्या काय बर्फाच्या डोंगरावर निघाल्या!" महिनाअखेरीस तीन वेळा ओळीनं प्रयोग लागला. आकडा शून्याला टेकला, अर्क गेला, मीठ सोडल्यावर आकडा चढला, उतरला. तिन्ही वेळी त्याच जागी. तिसऱ्या वेळी दसारामनंही टाळ्या वाजवल्या.

मुलींच्या जर्नलमध्ये १६ तारखेचा बिघडलेला प्रयोग आधी आणि हे तीन नंतर. मॅडमनी त्या पानांच्या प्रती काढून समितीला रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. पोचपावती आली. उत्तर आलं नाही.

जूनमध्ये मुलाखतीचं बोलावणंही आलं नाही.

त्यांच्या जागी आलेल्या सरांचा स्वभाव चांगला होता. त्यांनी आदेशाप्रमाणे तक्ता करून घेतला. प्लायवूडवर, रंगवून, चार स्क्रूंनी भिंतीवर. रंगारी आकडे लिहीत होता तेव्हा मी स्टूल धरून उभी होते. तिसऱ्या ओळीला मी थांबले. वही काढून ताडून पाहिलं. ते आकडे ज्योतीच्या जर्नलमधले, महिनाअखेरीस लागलेल्या प्रयोगाचे होते. सरांना तक्त्यासाठी कुठले तरी आकडे हवे होते, विभागाच्या कपाटात तेवढेच होते, त्यांनी ते घेतले. म्हणजे जे रेझिन विश्वासार्ह नाही असं समितीनं लिहिलं, त्याच रेझिनचे आकडे समितीच्या आदेशानं भिंतीवर चढले आणि पोरं ते उतरवू लागली. मी तशीच स्टूल धरून राहिले.

मॅडम मला परत भेटल्या २०१२च्या डिसेंबरात. पुतणीच्या सोयरिकीसाठी केशोरीला गेले होते. बाजारात मॅडम भाजी घेत होत्या. गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात असं कळलं. केस पांढरे, मफलर तोच. मला पाहून पहिला प्रश्न: "ताई! अकरावा चालू हाय का?"

मी इतकी वर्षं मनात ठरवलेलं बोलून टाकलं. बाटली वर मी ठेवली होती. तेव्हा बोलायला पाहिजे होतं.

मॅडम वांगी निवडतच राहिल्या. "मालूम होतं मले. फ्रिजवरची यादी कोणाच्या अक्षरात होती?"

"मग बोलल्या काऊन नाही?"

"तुमचं नाव घेऊन रेझिन जुळलं असतं का? तुम्हाले मेमो भेटला असता. पुढच्या पहाटे मग पाच वाजता दार कोण उघडन?" मग वांगी पिशवीत टाकून, "ते जाऊ द्या. प्रयोग?"

मी तक्त्याबद्दल सांगितलं. आकडे कोणाचे तेही सांगितलं.

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. मफलर सोडला, परत बांधला. "आमच्या पोरींनी थंडीत बोटं गोठवून काढले ते आकडे. ते उतरवाले काढले होते का?" आवाज असा चढला की भाजीवाली मागे सरली. "दुसऱ्याचे उतरवत असते तर मी एवढी चिडली नसती. ताई, तो तक्ता काढा जी भिंतीवरून. काढा आणि पोरांच्या हातात नळी द्या. बिघडन तर बिघडन."

"प्राचार्य ऐकत नाहीत मॅडम."

"मलेबी कुठं ऐकत होते?"

त्यांची बस नव्हती, काही नव्हतं, घर जवळच होतं. तरी त्या गाडी सुटायला आल्यासारख्या निघाल्या. धानाच्या पोत्यांनी भरलेल्या बैलबंडीला वळसा घालून, पिशवी या हातातून त्या हातात घेत, मागे न पाहता. पाठीवर मफलरचं टोक उडत होतं.

त्यानंतरची माझी यादी, आजपर्यंतची:

गणपतभाऊंना सांगणे. आषाढात सांगितलं, त्यांनी आणून दिलं. या वेळी तब्येत विचारली नाही.
डीएनए काढणे. रस्त्यापलीकडच्या टपरीवर, दोन मुलींना घेऊन. झालं. वरच्या खणात.
ॲगरोज. आलं.
रेझिन. तयार. खालच्या खणात. बाटलीवर लाल अक्षरात सूचना, आणि फ्रिजवरची यादी बदलली.
उत्तरेकडच्या व्हरांड्यात थर्मामीटर. टांगला.
प्राचार्यांकडे लेखी परवानगी. तीनदा अर्ज. तीनदा एकच उत्तर: तक्ता समितीच्या आदेशानं लागला आहे, काढता येणार नाही.
चौथा अर्ज करणार नाही. त्या नोंदीवर आडवी रेघ मारली आहे, खालचं वाचता येतं.
पहाटे पाचला दार उघडणे. किल्ली माझ्याकडे.
चार स्क्रू काढून तक्ता खाली उतरवणे. बाकी.